आधी सूर पकड

अगं, रुसून काय बसतेस? ‘थीम : प्रेम’ एवढंच लिहिलंस म्हणून बाईंनी गुण कापले, बरोबरच केलं त्यांनी. प्रेम हा झाला विषय. शेक्सपिअरच्या १५४ सुनीतांपैकी बहुतेकांचा विषय तोच, मग ती सगळी एकच कविता झाली का? प्रेमाबद्दल तो नेमकं काय म्हणतोय, हे एका अख्ख्या वाक्यात सांगता आलं की ती थीम. आणि ते म्हणताना त्याचा सूर कसा लागलाय, तो टोन. माझं ऐकशील तर आधी सूर पकड.

आई ‘शहाणी आहेस हो!’ म्हणते तेव्हा तू काही पेढे वाटत नाहीस. शब्द कौतुकाचे असले तरी पुढे काय येणार ते तुला बरोबर कळतं. तोच कान इथे लाव.

तुझं ते १३०वं सुनीत घे. तुला राग आलाय, की हा प्रेयसीला नावं ठेवतो. डोळे सूर्यासारखे नाहीत, पोवळं ओठांहून लाल, केस म्हणजे काळ्या तारा, श्वासापेक्षा अत्तर बरं. पण तो हसतोय कुणाला, ते बघ ना. चौदाव्या शतकात इटालियन कवी पेत्रार्कानं लॉरावर सुनीतं लिहिली आणि पुढे इंग्रजी कवींनी सोनेरी केस, बर्फासारखी कांती, गुलाबी गाल यांचा साचाच पाडला. आपल्याकडे चंद्रमुखी, मृगनयनी, गजगामिनी आहेतच की! १६०९ साली ही सुनीतं पुस्तकात आली तोवर त्या उपमा पार गुळगुळीत झाल्या होत्या. टोमणा आहे तो त्या कवींना.

आता पेन्सिल घेऊन बस. पहिल्या चार ओळींत दर ओळीला एक गोष्ट उरकलीय : डोळे, ओठ, छाती, केस. फटाफट. पाचव्या ओळीपासून मात्र एकेका गोष्टीला तो दोन-दोन ओळी देतो, चाल मंदावते. आणि नवव्या ओळीत, इतका वेळ नुसती उणी काढणारा हा गृहस्थ आपल्याला काय आवडतं ते पहिल्यांदा बोलून जातो : तिचं बोलणं. संगीत त्याहून गोड, हे त्याला ठाऊक आहे, तरी आवडतं. सूर वळतो तो इथे. वर्गात सगळे शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवतात, पण तिथे पोचायच्या आधीच तो विरघळलेला असतो. मग म्हणतो, देवी चालताना काही मी पाहिली नाही, ही आपली जमिनीवरून चालते. आणि लगेच पुढच्या ओळीत स्वर्गाची शपथ घेऊन सांगतो, की खोट्या उपमांनी सजवलेल्या कुठल्याही बाईइतकीच ही दुर्मीळ आहे. देवी नको, पण शपथेला स्वर्ग हवाच, लबाड कुठला!

म्हणजे नुसतं ‘टोन उपहासाचा’ लिहून भागणार नाही. उपहास, त्यातून डोकावणारी माया आणि शेवटी ठामपणा, असा प्रवास लिही, दर वळणाला ओळ दाखव. मग थीमचं वाक्य आपोआप सुचेल : खऱ्या प्रेमाला माणूस आहे तसा दिसतो आणि तरी हवासा वाटतो.

मला एक मात्र खटकतं. कवींची खोड काढायला तिचा रंग नि तिचा श्वास कशाला वेठीला धरायचा? तुलाही तसं वाटत असेल तर बिनधास्त लिही. फक्त आधी कविता काय करतेय ते सांग, तुझी तक्रार नंतर.

आणि उद्या ११६वं वाचशील तेव्हा त्यातले नकार मोज. इंग्लंडात लोक ते लग्नात हौसेनं वाचतात. पण पहिल्या १२६ सुनीतांतली बरीचशी एका तरुणाला उद्देशून आहेत असं अभ्यासक मानतात, आणि हे त्यातलंच. प्रेम काय नाही, कशानं ढळत नाही, हेच तो पुनःपुन्हा सांगतो आणि शेवटी तर वाद घातल्यासारखा पैजेवर येतो. इतक्या जोरात तो कुणाला पटवतोय, समोरच्याला की स्वतःला? त्यावर तुझं काय मत होतं ते मला रात्री फोन करून सांग, बाईंना नंतर.