बीडी फाइलमधला आदेशांचा क्रम

प्रश्न : कांदाचाळीतले तापमान नोंदवणाऱ्या आमच्या यंत्रात एनएक्सपीची चिप आहे. ‘एल्फटूएसबी’ या साधनाने एन्क्रिप्टेड एसबी फाइल विनातक्रार तयार होते, पण नवे फर्मवेअर यंत्रात चढवताना मध्येच अडते. असे का?
– एक वाचक, विंचूर

उत्तर : एसबी फाइल तयार झाली म्हणजे ती कशी बनवायची हे सांगणाऱ्या बीडी फाइलचे व्याकरण बरोबर आहे, एवढेच कळते. तुमचा दोष बहुधा बीडी फाइलच्या ‘सेक्शन’ भागात आहे. ‘ऑप्शन्स’, ‘कॉन्स्टंट्स’ आणि ‘सोर्सेस’ ही पूर्वतयारी. ‘सेक्शन’मधले आदेश मात्र चिपमधला बूटलोडर वरून खाली, लिहिलेल्या क्रमानेच पाळतो. म्हणून ‘लोड’च्या आधी ‘इरेज’ हवाच. फ्लॅश मेमरी पुसल्याशिवाय नीट लिहिता येत नाही. पुसण्याची पत्त्यांची मर्यादाही तपासा. फर्मवेअर वाढले आणि मर्यादा जुनीच राहिली, तर नेमके असेच अडते.

एसबी फाइल एन्क्रिप्ट करणाऱ्या किल्लीकडे मात्र अधिक लक्ष द्या. चाचणीसाठी वापरलेला ‘झीरो-की’ पर्याय विक्रीच्या यंत्रांत राहू देऊ नका. सगळी शून्ये असलेली किल्ली कोणालाही ठाऊक असते. खरी एईएस किल्ली स्वतंत्र फाइलमध्ये, सोर्स कोडपासून दूर ठेवा.

नवे काम सुरू करत असाल, तर ‘एल्फटूएसबी’ऐवजी एनएक्सपीचे पायथॉनमधले ‘एसपीएसडीके’ हे साधन घ्या. एसबी फाइलच्या २.१ आवृत्तीसाठी त्यात बीडी फाइलही चालते.