घंटी तुमच्याही फोनवर वाजू दे



मागच्या महिन्यात एका वस्तीवरच्या बैठकीत मी विचारलं, "ग्राम सुरक्षा यंत्रणेत कुणाकुणाचा नंबर आहे?" एक ताई म्हणाल्या, "ह्यांचा दिलाय की!" आणि हे कुठं असतात? मुंबईला! म्हणजे चोर आले वस्तीवर आणि घंटी वाजणार मुंबईत. सगळ्या हसल्या, मग गप्प झाल्या. आपल्याकडं पाटण-जावळीचे पुरुष मुंबईला, खानापूर-आटपाडीचे गलाईच्या धंद्यात परमुलखात. रात्री घरी असतो आपण.

यंत्रणा कशी चालते?
सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पोलिसांनी ही यंत्रणा वापरात आणली आहे. संकटात १८००-२७०-३६०० या मोफत नंबरवर फोन करून निरोप बोलायचा. तो तुमच्याच आवाजात परिसरातल्या नोंदलेल्या फोनवर एकाच वेळी कॉल म्हणून जातो. साधा बटणाचा फोनही चालतो, इंटरनेट लागत नाही. चोरी, आग, बिबट्या, हरवलेलं मूल, पूर, कशासाठीही. २०१९ च्या कृष्णेच्या पुरात वेळेवर निरोप मिळण्याची किंमत पलूस-वाळव्याच्या ताईंना वेगळी सांगायला नको.

पण यंत्राला फक्त नोंदलेला नंबर कळतो. तुमचा नसेल, तर तुम्हाला निरोप येणार नाही.

निरोप कसा द्यावा?
१. आधी स्वतःचं नाव, गाव, वस्ती.
२. काय झालं, नेमकं कुठं.
३. कोणती मदत हवी.
खात्री नसलेली गोष्ट सांगू नका. अफवेपायी निरपराध माणूस मार खातो.

आणखी दोन नंबर
११२: पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन. घरात मारहाण होत असेल तरीही हाच. फोनवरून ठिकाणाचा अंदाज येतो, तरी देऊळ, शाळा अशी खूण सांगा.
१९३०: फोनवरून फसवून खात्यातले पैसे काढले तर लगेच लावा. जितकी घाई, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. लाजून गप्प बसू नका. चूक फसवणाऱ्याची आहे.

पुढच्या बैठकीत
• प्रत्येकीनं स्वतःचा नंबर वहीत लिहावा. सचिवताईंनी यादी घेऊन पोलीस पाटील किंवा पोलीस ठाण्यात नोंदणीची चौकशी करावी.
• एकटी राहणारी, म्हातारी, फोन नसलेली बाई कोण? तिला उठवायची जबाबदारी कुणाची, ते नावानिशी ठरवा.
• एकीनं निरोप बोलून दाखवावा, बाकीच्यांनी ऐकून सांगावं: कुठं जायचं ते कळलं का?