शंका-समाधान : आडनाव डाबरे, मग गाव कुठलं?

मागच्या अंकात 'कर' लागणाऱ्या आडनावांवर लिहिलं आणि वसईकरांनी पत्रांचा गठ्ठाच पाठवला. वसईकर म्हणजे आडनावाने नव्हे, राहणारे. वसईतच राहणाऱ्याला वसईकर हे आडनाव कोण कशाला लावेल? बहुतेक पत्रं तिथल्या ख्रिस्ती घरांतून आली आहेत आणि सगळ्यांच्या शंकेचं मूळ एकच आहे : आडनाव पोर्तुगीज, भाषा मराठी, मग आम्ही कोण? निवडक सहा पत्रांना उत्तरं देतो.

शंका १ : आमचं आडनाव डाबरे. नातवाने इंटरनेटवर पोर्तुगालमधल्या आडनावांची यादी चाळली, त्यात डाबरे कुठेच नाही. तो म्हणतो, आजोबा, हे नाव पोर्तुगीज नाहीच.
– एक निवृत्त शिक्षक, भुईगाव

समाधान : नातवाला यादीत 'ड'खाली नव्हे, 'अ'खाली बघायला सांगा. तिथे 'आब्रेउ' सापडेल. उत्तर पोर्तुगालातल्या एका ठिकाणाचं ते नाव. तिथून आलेला माणूस 'द आब्रेउ'. हा 'द' म्हणजे आपला 'कर'च, फक्त ते शेपटाऐवजी तोंडाला लावतात. म्हणजे डाबरे हे 'आब्रेउकर', डिब्रिटो हे 'ब्रिटोकर' आणि डिमेलो हे 'मेलोकर'. 'द' आणि 'आ' भराभर म्हणताना चिकटले, शेवटचा 'उ' आपल्या जिभेला नकोसा होता तो गळला, आणि कोकणी वाडीत शोभेल असं आडनाव तयार झालं. डाबरे, पाबरे, झगडे, कोणालाही संशय येऊ नये!

म्हणून तुमचं आडनाव विरळ आहे ते घडणीमुळे. आब्रेउ जगभर आहेत, डाबरे मात्र वसईच्या उत्तर पट्ट्यातले. विरळ आडनाव दिसलं की मी आधी विचारतो, हे नाव खरंच विरळ आहे की उच्चार विरळ आहे? वसईत बहुतेक वेळा दुसरंच निघतं.

शंका २ : माझं माहेरचं आडनाव तुस्कानो, सासरचं रुमाव. दोन्हींचा अर्थ काय? दीर म्हणतात, 'रुमाव' हे मूळ मराठीच असावं, कारण शेवटी 'आव' आहे.
– एक गृहिणी, निर्मळ

समाधान : दिरांचा कान चांगला आहे, निष्कर्ष तेवढा उलटा. हा 'आव' पोर्तुगीजच आहे. त्या भाषेत काही शब्दांच्या शेवटी नाकातून येणारा 'आंव'सारखा स्वर असतो. मराठीने तो उचलला तेव्हा अनुनासिक सोडून 'आव' तेवढा ठेवला. पुरावा तुमच्या स्वयंपाकघरात आहे : 'पांव' शब्दाचा झाला पाव. बाजारात दुसरा : 'लेलांव'चा झाला लिलाव. त्याच नियमाने 'रोमांव'चा झाला रुमाव. हे नाव 'रोमचा' या अर्थाच्या लॅटिन नावावरून आलेलं आहे. तुस्कानो म्हणजे 'टस्कनीचा'. टस्कनी हा इटलीचा प्रांत.

आता गंमत पाहा. माहेर टस्कनी, सासर रोम, आणि दोन्हीकडे दारात केळी आणि पानवेल. गावावरून पडलेलं नाव गावाबाहेरच चिकटतं, हा नियम जगभर दिसतो. नागपूरकर नागपुरात कमी भेटतात. आयर्लंडमध्ये वॉल्श हे आडनाव पावलोपावली भेटतं आणि त्याचा अर्थ आहे 'वेल्सचा माणूस'. इटलीतही तोस्कानो आडनाव टस्कनीपेक्षा दक्षिणेत जास्त आहे. ते नाव इटलीहून पोर्तुगालात आणि तिथून वसईत आलं. नावाचा एवढा प्रवास झाला म्हणून माणसांचाही झाला असं समजू नका. तुमच्या दोन्ही घरांतली माणसं इथेच होती, नाव त्यांच्याकडे चालत आलं. ते कसं, हे पुढच्या उत्तरात.

शंका ३ : वसई किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये फरशीवर समाधीशिळा आहेत. कॉलेजच्या सहलीत एका शिळेवर मला आमच्या आडनावासारखी अक्षरं दिसली. ते आमचे पूर्वज असतील का?
– एक विद्यार्थिनी, मर्सेस

समाधान : त्या शिळा मी अनेकदा वाचल्या आहेत. एक युक्ती सांगतो. दुपारी बारा वाजता जाऊ नका, तेव्हा अक्षरं पुसट दिसतात. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा. शिळेवर ओंजळभर पाणी सोडा आणि बाजूने बघा. खाचांत पाणी थांबतं, तिरकं ऊन त्यावर पडतं आणि 'सेपुल्तुरा', म्हणजे समाधी, हा शब्द आधी वर येतो. खडू किंवा कोळसा मात्र लावू नका.

त्या शिळांखाली कोण आहे? किल्ल्यात राहणारे फिदाल्गो, म्हणजे पोर्तुगीज सरदार-जमीनदार, आणि त्यांची कुटुंबं. २३ डिसेंबर १५३४च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. मधली दोनशे चार वर्षं हे सरदार इथे नांदले. किल्ला पडल्यावर ते, त्यांचं सैन्य आणि त्यांचे गोरे पाद्री गलबतांत बसून निघून गेले. ज्यांच्या अंगात पोर्तुगीज रक्त होतं ते बहुतेक गेले. मागे राहिले ते शेतकरी, बागायतदार आणि कोळी. ते जाणार कुठे? त्यांच्या विहिरी इथे, वाड्या इथे.

पण त्या सरदारांची आडनावं इथेच राहिली होती, कारण ती आधीच वाटून झाली होती. बाप्तिस्मा घेणाऱ्या माणसामागे एक धर्मपिता उभा राहायचा. तो गावचा पोर्तुगीज जमीनदार असे, किल्ल्यातला अधिकारी असे, कधी खुद्द पाद्रीच असे. नव्या ख्रिस्ती माणसाला नवं नाव मिळायचं आणि आडनाव बहुधा त्या धर्मपित्याचं. तेव्हा त्या शिळेखालचा माणूस तुमचा पूर्वज असण्यापेक्षा तुमच्या पूर्वजामागे बाप्तिस्म्याच्या वेळी उभा राहिलेला असण्याची शक्यता कितीतरी जास्त. आडनाव हे साक्षीदाराचं आहे, बापाचं नव्हे.

शंका ४ : आमचं आडनाव गोन्साल्वीस. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगतात की आपण संत गोन्सालो गार्सियांच्या घराण्यातले. खरं आहे का?
– एक बागायतदार, गास

समाधान : अभिमान जरूर बाळगा, वंशावळ मात्र जोडू नका. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, वडील पोर्तुगीज, आई इथली. ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर गेले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. वसईतल्या कॉलेजलाही त्यांचंच नाव आहे. पण ते व्रतस्थ होते, त्यांना मूलबाळ नव्हतं. शिवाय त्यांचं आडनाव गार्सिया, गोन्सालो हे पाळण्यातलं नाव.

तुमच्या आडनावात गोन्सालो आहे हे मात्र खरं. पोर्तुगीजमध्ये बापाच्या नावाला 'एस' लावला की 'त्याचा मुलगा' असा अर्थ होतो. फेर्नांदोचा फर्नांडिस, रॉड्रिगोचा रॉड्रिग्ज, लोपोचा लोपीस, नुनोचा नुनीस, तसा गोन्सालोचा गोन्साल्वीस. हा गोन्सालो संतांच्या कितीतरी आधीचा, पोर्तुगालातला कुणीतरी. त्याचं नाव तिथे आडनाव म्हणून गोठलं आणि मग समुद्र ओलांडून गासला आलं. ही आडनावं गोव्यात, मंगळुरात, ब्राझीलमध्येही तुडुंब आहेत, म्हणून त्यांच्यावरून गावाचा माग काढणं अवघड. आडनावांचे संशोधक फर्नांडिस दिसला की सुस्कारा टाकतात आणि रुमाव दिसला की पेन उचलतात.

शंका ५ : आम्ही वीस वर्षं लंडनजवळ राहतो. इथे लोक आपापल्या विरळ आडनावांचे नकाशे काढतात, एका गावापर्यंत पोचतात. आम्हाला आमच्या आडनावाचा तसा शोध घेता येईल का? कुठून सुरुवात करावी?
– मूळचे नंदाखालचे एक कुटुंब

समाधान : घेता येईल, पण तिथली पद्धत जशीच्या तशी उचलू नका. ब्रिटनमध्ये विरळ आडनाव अनेकदा एकाच गावात, एकाच माणसापासून सुरू झालेलं असतं. १८८१च्या जनगणनेचा नकाशा काढला की ठिपके एका परगण्यात दाटलेले दिसतात. लेस्टर विद्यापीठात ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी आडनावं आणि बापाकडून मुलाकडे जाणारं गुणसूत्र ताडून पाहिलं. स्मिथांमध्ये काही मेळ बसेना. पण 'गांधी' चित्रपट काढणाऱ्या ॲटनबरोंचं आडनाव घ्या. ते धारण करणारे बहुतेक पुरुष एकाच पितृवंशाचे निघाले. तिथे विरळ नाव म्हणजे एक रक्त, असा अंदाज बांधता येतो.

वसईत तो बांधता येत नाही. एकाच धर्मपित्याने एकाच गावातल्या पाच निरनिराळ्या कुळांना नाव दिलेलं असू शकतं. आणि दोन सख्ख्या भावांचे धर्मपिते वेगळे असतील तर आडनावं दोन. नकाशावर ठिपके इथेही दाटतील, पण ते सांगतील त्या गावाचा धर्मपिता कोण होता ते.

सुरुवात अशी करा. आधी घरातल्या कागदांतलं सर्वांत जुनं स्पेलिंग लिहून काढा : शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, फेरफार. मग चर्चची बाप्तिस्म्याची वही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये ठरवून दिलं की धर्मपिता आणि धर्ममाता प्रत्येकी एकच असावेत आणि त्यांची नावं वहीत लिहिली जावीत. लोक नोंदीत मुलाचं आणि आईबापांचं नाव बघून वही मिटतात. खाली धर्मपित्याची ओळ असते, ती उतरवून घ्या. शेजारच्या दहा पानांवर तेच नाव पुन्हा पुन्हा येऊ लागलं, तर तुमच्या गावाचा हिशेब सुटायला लागला.

दोन खड्डे चुकवा. ब्रिटिश कागदांत वसई 'बॅसीन' आहे, पण ब्रह्मदेशातही एक बॅसीन होतं, आजचं पाथेन. तिथला फौजी अधिकारी आपला पूर्वज म्हणून घरी आणू नका. आणि पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४चा. त्याआधीचं सगळं 'ठाणे'खाली शोधा.

जाता जाता, तुमच्या सध्याच्या देशातला एक माणूस या गोष्टीत फार आधी येऊन गेला. विल्टशर परगण्यातले थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि १६१६ मध्ये त्यांचं मराठी 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं. 'स्टीफनचा तो स्टीफन्स', म्हणजे घडण फर्नांडिससारखीच. पोर्तुगीज कागदांत मात्र ते 'एस्तेव्हांव' आहेत. आपल्या डाबऱ्यांचं झालं तेच एका इंग्रजाचंही झालं : नाव लिहिणाऱ्याच्या जिभेवर बेतलं गेलं.

शंका ६ : मी हिंदू, विरारचा. शेजारचे सामवेदी ख्रिस्ती स्वतःला 'कुपारी' म्हणवतात. हे आडनाव आहे की जात? आणि काही ख्रिस्ती घरं अजून पाटीलच कशी?
– एक बँक कर्मचारी, विरार

समाधान : पाटील आधी. ते हुद्द्याचं नाव आहे. धर्मपित्याने दिलेलं नाव चर्चच्या वहीत गेलं तरी गावकी, सारा आणि जमीन यांच्या कागदांत पाटलाला पाटीलच म्हणावं लागतं. काही घरांत ते कागदावरचं नाव जिंकलं.

आता कुपारी. हे आडनाव नव्हे, समाजाचं नाव आहे. तो शब्द पोर्तुगीज 'कोम्पाद्रे'वरून आला असं मानतात. मुलाचा बाप आणि मुलाचा धर्मपिता एकमेकांना ज्या नात्याने हाक मारतात, तो हा शब्द. आपल्याकडे व्याही असतात ना, लग्नाने जोडले गेलेले दोन बाप? तसे हे बाप्तिस्म्याने जोडलेले दोघे. रक्ताचे नव्हेत, पण चर्चच्या नियमाने इतके जवळचे की धर्मपित्याला आपल्या धर्मकन्येशी लग्न करता येत नसे.

बघा, आडनावात जे लपून राहिलं ते या समाजाने आपल्या नावात उघड लिहून ठेवलंय. बाकीच्या जगाने बापावरून, गावावरून, धंद्यावरून नावं घेतली. वसईच्या या पट्ट्याने सोबत उभ्या राहिलेल्या माणसावरून घेतलं. तुमचे शेजारी पुढच्या बाप्तिस्म्याचं आमंत्रण देतील तेव्हा जेवायच्या आधी जा. कोण कोणामागे उभं राहतं ते नीट बघा. चारशे वर्षांपूर्वी तिथूनच आडनाव निघत असे.

*(वाचकांनी पत्र पाठवताना आडनावाचं जुनं स्पेलिंग, चर्चचं किंवा गावाचं नाव आणि घराला आळीत काय म्हणतात ते अवश्य लिहावं. तीनपैकी तिसरं बहुधा सर्वांत उपयोगी पडतं.)*