थोमाचा प्रश्न आणि प्रभूचें उत्तर
शास्त्रपाठ : योहान १४:१-११

ज्या रात्रीं प्रभु येशू धरला गेला, त्याच रात्रीं यरुशलेमांतील माडीवर तो शिष्यांशीं बोलत होता. आपण जेथें जात आहों तेथील वाट तुम्हांस ठाऊक आहे, असें त्यानें म्हटलें. थोमाला तें समजलें नाहीं, व त्यानें तसें उघड सांगितलें. न समजतां मान हालविण्यापेक्षां असा प्रामाणिक प्रश्न बरा. कारण त्याच्याच उत्तरांत प्रभूनें स्वतःस मार्ग, सत्य व जीवन असें म्हटलें.

१. मार्ग म्हणजे प्रभु स्वतः. परगांवच्या मनुष्यास आपण सांगतों, ओढा ओलांडा, वडापासून उजवीकडे वळा. परंतु रात्र अंधारी असली व ओढ्याला पूर आला असला, तर एवढें सांगणें पुरत नाहीं. जाणता मनुष्य कंदील घेऊन येतो, त्याचा हात धरतो व त्याला पैलतीरीं पोंचवितो. मग खुणा पाठ करण्याची गरज राहत नाहीं. तो हात न सोडणें एवढेंच वाटसरूचें काम. प्रभूनें थोमाला खुणांची यादी दिली नाहीं. त्यानें आपणा स्वतःस दिलें.

२. हा मार्ग कसा उघडला? यरुशलेमच्या मंदिरांत परमपवित्रस्थानापुढें पडदा असे. त्याच्या आंत केवळ प्रमुख याजकानें, वर्षांतून एकच दिवस, रक्त घेऊन जावें असा नियम होता (लेवीय १६). प्रभूनें वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हां तो पडदा वरून खालपर्यंत फाटला (मार्क १५:३८). वरून फाटला, म्हणजे हें देवाचें काम होतें, मनुष्याचें नव्हे. इब्री लोकांस पत्र १०:१९-२० ह्यांत ह्यालाच नवा व जिवंत मार्ग म्हटलें आहे. म्हणून ही वाट आपणांस बांधावयाची नाहीं, तिचें मोलही द्यावयाचें नाहीं. तिच्यावर चालावयाचें आहे. अंत्युखियांत शिष्यांस ख्रिस्ती हें नांव मिळालें (प्रेषितांचीं कृत्यें ११:२६), परंतु त्यापूर्वींच त्यांस त्या मार्गाचे लोक म्हणत (९:२).

३. पंडिता रमाबाईंची साक्ष. रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं झाला. त्यांनीं आईबापांबरोबर अनेक तीर्थें पाहिलीं व दुष्काळाच्या दिवसांत आईबाप गमावले. पुढें भावाबरोबर त्या हजारों मैल पायीं हिंडल्या. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला, व १८८९ सालीं त्यांनीं मुंबईंत शारदा सदन काढलें. तरी १९०७ सालच्या आपल्या साक्षींत त्या कबूल करितात कीं, बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षें आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. विद्या होती, सेवा होती, बाप्तिस्मा होता. तथापि मनाला शांति नव्हती. त्यांनीं आपला सर्व भार ख्रिस्तावर टाकिला तेव्हां ती मिळाली. मग १९२२ सालीं देवाज्ञा होईपर्यंत त्यांनीं केडगांवीं अनाथ व विधवा स्त्रियांची सेवा केली.

४. आपणांस बोध. प्रभूसाठीं कित्येकांनीं भाऊबंदांचा रोष सोसला आहे. कित्येकांचें पाणीही बंद झालें आहे. इतकें सोसून जर केवळ वहींतलें नांव बदललें, आणि पित्याची भेट झालीच नाहीं, तर केवढी हानि! मिशन, पाद्रीसाहेब, उपदेशक हे मैलाचे दगड आहेत. दगड वाट दाखवितो. घरीं नेत नाहीं. उपदेशकाची बदली झाली किंवा त्याचा पाय घसरला, तरी वाट मोडत नाहीं.

आणखी, ह्या एका मार्गाचा आपणांस गर्व नसावा. ज्याला दुसऱ्यानें हात धरून पार नेलें, त्यानें अलीकडे उभ्या असलेल्या शेजाऱ्यास हिणवूं नये. त्याच्यासाठीं कंदील उंच धरावा.

विचार करण्यासाठीं प्रश्न :
(१) थोमाप्रमाणें माझा न विचारलेला प्रश्न कोणता?
(२) माझा भरंवसा प्रभूवर आहे, कीं एखाद्या मनुष्यावर?
(३) माझ्या चालण्यावरून शेजाऱ्यास वाट दिसते काय?