अमरवेल आणि कावीळ

सेमिनरी हिल्स किंवा गोरेवाड्याकडे फिरायला जाणाऱ्यांनी बोरीच्या झाडावर पिवळ्या शेवया वाळत घातल्यासारखी अमरवेल पाहिली असेल. काही जण तिला आकाशवेल म्हणतात. तिला पाने नसतात. बी जमिनीत रुजते, पण झाडाला विळखा पडला की मूळ सुकते आणि वेल त्या झाडाचेच पाणी व अन्न शोषून वाढते. कूळ मात्र रताळ्याचे!

उवा, खाज आणि केसगळती यांवर तिचा रस किंवा तेल लावण्याची जुनी चाल आहे. उंदरांवरील प्रयोगांत केसवाढीला थोडी मदत दिसली, पण त्यावरून माणसाच्या टकलाचा भरवसा देता येत नाही. त्वचेची आग होत नसेल तर लावायला माझी हरकत नाही.

माझी हरकत आहे ती काविळीत रस पाजण्याला. वेल पिवळी, रोग पिवळा, म्हणून औषध, असा हा हिशेब. पावसाळ्यात दूषित पाण्यातून होणारी 'अ' प्रकारची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय त्या दिवसांत जे पाजले त्याला मिळते. पण पित्ताच्या खड्यानेही डोळे पिवळे होतात. तिथे रस पाजत बसल्यास मोलाचा वेळ जातो.

दुसरी गोष्ट, ही वेल ज्या झाडावर वाढते त्याची द्रव्येही ओढून घेते. कण्हेरीवरची वेल बोरीवरच्या वेलीसारखी निर्धोक कशी मानायची? बाजारातल्या जुडीवर झाडाचे नाव लिहिलेले नसते.

नावाचाही घोटाळा होतो. गुळवेलीला अमृतवेल म्हणतात, ती वनस्पती अगदी वेगळी. कोविडच्या काळात तिचा काढा घरोघर उकळला. २०२० च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. वाद राहू द्या, पण यकृत आधीच सुजले असताना त्यावर कोणताही काढा लादू नये, असे माझे मत आहे.

डोळे पिवळे दिसताच रक्त तपासून घ्या. पॅरासिटामॉलसुद्धा विचारूनच घ्या. सतत उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणे, रक्तस्राव किंवा थंडी वाजून ताप असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गर्भवतीने तर एक दिवसही थांबू नये. 'ई' प्रकारची कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत तिच्या जिवावर बेतते.