खेळाडू, प्रशिक्षक, व्यवस्थापक : बॉब हाउटन यांची कारकीर्द

फुटबॉलच्या इतिहासात मैदानावर नाव गाजविणाऱ्या खेळाडूंची चरित्रे विपुल आहेत. परंतु या खेळाच्या घडणीत दुसऱ्या एका वर्गाचा वाटा तितकाच मोठा आहे. हा वर्ग म्हणजे खेळाडू म्हणून फारसे यश न लाभलेल्या, पण खेळ कसा शिकवावा याचा आयुष्यभर विचार केलेल्या माणसांचा. इंग्रज प्रशिक्षक बॉब हाउटन हे याच वर्गातील होत. स्वीडन, कॅनडा, चीन अशा अनेक देशांत काम करून ते 2006 साली भारतात आले. त्यामुळे त्यांच्या कारकीर्दीचा अभ्यास भारतीय वाचकांच्या दृष्टीने विशेष उद्‌बोधक ठरतो.

प्रशिक्षक आणि व्यवस्थापक हे दोन शब्द आपल्याकडे बहुधा एकाच अर्थाने वापरले जातात. इंग्लंडमध्ये मात्र त्यांच्यात भेद आहे. खेळाडूंना कौशल्य आणि डावपेच शिकविणारा तो प्रशिक्षक. तर संघाची निवड करणारा, कोणता खेळाडू घ्यावा व कोणता सोडावा हे ठरविणारा आणि जयापजयाची जबाबदारी वाहणारा तो व्यवस्थापक. पूर्वी व्यवस्थापकाच्या जागी बहुधा एखाद्या नामवंत निवृत्त खेळाडूची नेमणूक होत असे. शिकविणे हे स्वतंत्र शास्त्र आहे, ही कल्पना त्या देशात उशिरा रुजली. ती रुजविण्यात इंग्लिश फुटबॉल संघटनेचे प्रशिक्षण-संचालक ॲलन वेड यांचा मोठा हात होता. मैदानाचे विभाग कसे पाडावेत, चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना प्रत्येकाने कोठे उभे राहावे, यांचे नियम त्यांनी बांधून दिले. हाउटन हे वेड यांच्याच विचारसरणीत तयार झाले.

हाउटन यांचा जन्म 1947 साली लंडनमध्ये झाला. फुलहॅम क्लबमध्ये त्यांनी उमेदवारी केली. पण पहिल्या प्रतीचा खेळाडू म्हणून त्यांचे नाव झाले नाही. तेव्हा ऐन विशीतच ते प्रशिक्षणाकडे वळले. मेडस्टोन युनायटेड या लहानशा क्लबात त्यांनी काम केले. तेथे रॉय हॉजसन हे त्यांचे शाळासोबतीही त्यांच्याबरोबर होते.

1974 साली स्वीडनमधील माल्मो क्लबाने या सव्वीस वर्षांच्या तरुणाच्या हाती आपला संघ सोपविला. संघातील काही खेळाडू वयाने त्याच्याहून मोठे होते. त्या काळी स्वीडनमध्ये बचाव करणारा प्रत्येक खेळाडू एकेका प्रतिस्पर्ध्याच्या मागे सावलीसारखा फिरत असे. हाउटन यांनी ही रीत मोडली. खेळाडूने माणसाचे नव्हे, तर आपल्या विभागाचे रक्षण करावे. बचावफळीने पुढे सरकून उभे राहावे. तिन्ही फळ्यांतील अंतर कमी ठेवून प्रतिस्पर्ध्यास खेळावयास जागाच देऊ नये, अशी त्यांची शिकवण होती. यासाठी ते एकच हालचाल पुनःपुन्हा करवून घेत. कधी प्रतिस्पर्धी संघ न ठेवता केवळ अकरा खेळाडूंना मैदानावर उभे करून जागा बदलण्याचा सराव चाले.

हा सराव कंटाळवाणा होता, आणि अशाने खेळाडूची स्वतंत्र प्रतिभा मारली जाते, असा आक्षेप स्वीडनमध्ये घेतला गेला. त्यावर तेथे मोठा वादही माजला. परंतु निकाल बोलके होते. माल्मोने 1974, 1975 आणि 1977 साली राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. 1976 मध्ये हॉजसनही स्वीडनमध्ये आले आणि त्यांच्या हाल्मस्टाड संघाने 1976 व 1979 ची विजेतेपदे पटकावली. सहा वर्षांतील पाच विजेतेपदे अशा रीतीने या दोन मित्रांकडे गेली. पुढे जगप्रसिद्ध झालेले स्वीडिश प्रशिक्षक स्वेन-योरान एरिकसन यांनीही हीच पद्धत उचलली आणि 1982 साली गोटेबोर्ग संघाला युएफा चषक जिंकून दिला.

हाउटन यांच्या कारकीर्दीतील सर्वोच्च क्षण 30 मे 1979 रोजी आला. त्या दिवशी म्युनिक येथे युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात माल्मोची गाठ इंग्लंडच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टशी पडली. माल्मोचे सारे खेळाडू स्वीडिश होते आणि बो लार्सन व रॉय अँडरसन हे खंदे खेळाडू दुखापतीमुळे खेळू शकले नाहीत. फॉरेस्टचे व्यवस्थापक ब्रायन क्लफ हे इंग्लंडकडून खेळलेले, एकेकाळचे धडाडीचे आघाडीवीर. मध्यंतरापूर्वी ट्रेव्हर फ्रान्सिस यांनी केलेल्या एकमेव गोलाने फॉरेस्टने सामना जिंकला. तथापि स्वीडनचा कोणताही क्लब या चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत त्यापूर्वी पोचला नव्हता आणि त्यानंतरही पोचलेला नाही.

यानंतरचा काळ भटकंतीचा होता. इंग्लंडमधील ब्रिस्टल सिटीत त्यांना यश लाभले नाही. कॅनडातील टोरांटो ब्लिझर्ड संघ त्यांच्या मार्गदर्शनाखाली 1983 आणि 1984 अशी लागोपाठ दोन वर्षे उत्तर अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीत पोचला, पण दोन्ही वेळा उपविजेता ठरला. चीनच्या राष्ट्रीय संघाला त्यांनी 1998 च्या बँकॉक आशियाई क्रीडास्पर्धेत कांस्यपदक मिळवून दिले.

भारताला इंग्रज प्रशिक्षक नवा नव्हता. 1964 च्या आशिया चषकात भारत उपविजेता ठरला, तेव्हा हॅरी राइट हे प्रशिक्षक होते. परंतु हाउटन आले तेव्हा त्या वैभवाची केवळ आठवण उरली होती. आशिया चषकाच्या 2006 मधील पात्रता फेरीत भारताने सहाही सामने गमावले. त्यांतील बहुतेक सामने हाउटन यांच्याच अमदानीतील होते.

तंजावरच्या भोसले दरबाराचा इतिहास परिचित असलेल्यांना येथे एक साम्य जाणवेल. सरफोजीराजांच्या व त्यांच्या पुत्राच्या आश्रयास असलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार बंधूंनी तेथील नृत्याच्या शिक्षणाला व प्रयोगाला पक्का क्रम घालून दिला. या परंपरेतील नट्टुवनार गुरू प्रयोगात स्वतः नाचत नाही; रंगमंचाच्या कडेला बसून तो टाळांवर लय सांभाळतो. प्रयोगातील सहजता ही अनेक वर्षांच्या एकसुरी वाटणाऱ्या सरावातून येते, हे त्याला ठाऊक असते. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या प्रशिक्षकाचे काम याहून वेगळे नाही.

हाउटन यांनी भारतातही आधी रचनेवरच भर दिला. ऑगस्ट 2007 मध्ये दहा वर्षांच्या खंडानंतर दिल्लीत भरलेल्या नेहरू चषकात भारताने अंतिम सामन्यात सीरियाला 1-0 असे हरवून प्रथमच तो चषक जिंकला. गोल एन. पी. प्रदीप यांचा होता. पुढील वर्षीच्या एएफसी चॅलेंज चषकात अफगाणिस्तानविरुद्ध अगदी शेवटच्या घटकेला गोव्याच्या क्लायमॅक्स लॉरेन्स यांनी गोल केला आणि भारताची वाट मोकळी झाली. अंतिम सामन्यात सुनील छेत्री यांच्या तीन गोलांमुळे भारताने ताजिकिस्तानला 4-1 असे नमविले आणि आशिया चषकात प्रवेश मिळविला. 1984 नंतर प्रथमच हे घडत होते. 2009 साली नेहरू चषकही भारताकडेच राहिला.

जानेवारी 2011 मध्ये दोहा येथे या साऱ्याची कसोटी लागली. ऑस्ट्रेलियाकडून 0-4, बहारीनकडून 2-5 आणि दक्षिण कोरियाकडून 1-4 असे तिन्ही सामने भारताने गमावले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हाउटन यांनी पद सोडले. पुढच्या, 2015 च्या आशिया चषकास भारत पात्रही ठरला नाही. 2019 मध्ये स्टीफन कॉन्स्टंटाइन या दुसऱ्या इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखाली तो पुन्हा तेथे पोचला.

या निकालांचा अर्थ काय लावावा? माल्मोत हाउटन यांच्यापाशी रोजच्या रोज तेच खेळाडू होते, आणि त्यांची पद्धत उचलून पुढे नेणारे इतर क्लब व प्रशिक्षक त्या देशात निघाले. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक मात्र वर्षातील काही काळच खेळाडूंना भेटतो. उरलेला काळ ते आपापल्या क्लबात काय शिकतात, यावर सारे अवलंबून असते. शिबिरातील शिस्त एखादा चषक जिंकून देऊ शकते, पण ती गावोगावच्या मैदानांची जागा घेऊ शकत नाही.

म्हणूनच हाउटन यांच्या भारतातील कार्याचे मोजमाप केवळ चषकांवरून करू नये. त्यांच्या संघातून खेळलेले गोव्याचे महेश गवळी आणि क्लिफर्ड मिरांडा पुढे स्वतः प्रशिक्षक झाले. मिरांडा यांच्या मार्गदर्शनाखाली ओडिशा संघाने 2023 साली सुपर चषक जिंकला. खेळाडूने प्रशिक्षक व्हावे आणि त्याने पुन्हा नवे खेळाडू घडवावेत, ही साखळी अखंड राहिली, तरच परदेशी जाणकाराचे ज्ञान देशाच्या मातीत मुरते.