बाळाचे पहिले बोल

वर्गांत आम्हीं एकदां विचारिलें, “तुमच्या धाकट्या भावंडांस बोलावयास कोणीं शिकविलें?” बहुतेकांनीं उत्तर दिलें, “कोणींच नाहीं. तीं आपोआप बोलूं लागलीं.” हें उत्तर अर्धेंच खरें आहे. उरलेलें अर्धें येथें पाहूं.

बोलण्याचा आरंभ ऐकण्यापासून होतो. नुकतें जन्मलेलें मूलही आईचा आवाज ओळखतें. ७-८ महिन्यांचें झालें म्हणजे तें ‘बाबाबा’, ‘मामामा’ असें बडबडूं लागतें. हे उच्चार ओठांनीं सहज होतात, म्हणून जगांतील पुष्कळ भाषांत ते आढळतात. अर्थ मात्र थोर माणसें लावितात. आपल्याकडे ‘मामा’ म्हणजे आईचा भाऊ व ‘बाबा’ म्हणजे बाप. युरोपांतील सर्बियन भाषेंत ‘मामा’ म्हणजे आई व ‘बाबा’ म्हणजे आजी!

वर्षाच्या सुमारास पहिला खरा शब्द येतो. ‘मम्मं’, ‘भूभू’, ‘हम्मा’, ‘काऊ’ हे आपल्या घरोघरचे शब्द. प्रारंभीं एकच ‘हम्मा’ गाय, बैल, म्हैस या सर्वांस पुरतो. बोलतां येतात त्यांहून कितीतरी अधिक शब्द मुलास समजत असतात. दुसरें वर्ष सरतां सरतां ‘आई ये’, ‘दूद दे’ अशीं दोन शब्दांचीं वाक्यें जुळतात. पुढें तें ‘केलं’ऐवजीं ‘करलं’ म्हणतें. हें त्यास कोणीं शिकविलें? ‘बसलं’, ‘पडलं’ ऐकून त्यानें नियम स्वतः शोधिला! अशा चुकीस हंसूं नये. ‘होय, तूं केलंस’ असें सहज उत्तर द्यावें.

हें उत्तर देणें हाच तो उरलेला अर्धा भाग होय. आपल्या बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. पहांटेपासून आई फडांत. लेंकरूं बांधावर, नाहींतर कोपीशीं थोरल्या बहिणीच्या कडेवर. ज्या वयांत शब्द झपाट्यानें वाढावयाचे, त्याच वयांत त्याच्याशीं बोलणारें माणूस थकलेलें असतें. यांत आईचा दोष नाहीं. परंतु मोळी बांधतांना, भाकरी थापतांना ‘तो बघ बैल, पाणी पितो’ एवढें म्हटलें आणि लेंकराच्या ‘हम्मा’स उत्तर दिलें, तरी पुष्कळ साधतें.

तांड्यावर गोरमाटी बोलणाऱ्या किंवा घरांत उर्दू बोलणाऱ्या आईनें मराठी येत नाहीं म्हणून गप्प राहूं नये. जी भाषा तोंडांत रुळली आहे, तींतच लेंकराशीं बोलावें. त्या भाषेंत चांगलें बोलूं लागलेल्या मुलास शाळेंतील मराठीही त्याच बळावर शिकतां येते.

मूल १६ महिन्यांचें होऊनही एक शब्द बोलत नसेल, अथवा २ वर्षांचें होऊनही दोन शब्द जोडीत नसेल, तर ‘बोलेल पुढें’ म्हणून थांबूं नये. अंगणवाडींत सांगावें व डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावेत. ज्यास ऐकूं येत नाहीं, त्याच्या उपायास विलंब परवडत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, वाणी ही ईश्वराची देणगी आहे. पण बाळाला ती तुमच्या तोंडून मिळते. आज घरीं गेल्यावर तें जिकडे बोट दाखवील, त्या वस्तूचें नांव त्यास सांगा. मग कोणीं शिकविलें असें पुन्हां विचारिल्यास, ‘आम्हीं’ असें म्हणावयास तुम्ही मोकळे आहां.